हलव्याच्या दागिन्यांवर पडलेला दरोडा

त्या हिवाळ्यात आमच्या नोएडाच्या घरात कोणी स्वयंपाकघराचं दार उघडं टाकलं की आई आतून ओरडायची, "कोण आहे रे ते? वारा लागला तर काटा मोडेल ना हलव्याचा!" आणि आम्ही सगळे घरात चोरासारखे वावरायचो. कोळशाची शेगडी, तिच्यावर पितळी परात, परातीत खसखस नि साबुदाणा, वरून चमचाभर साखरेचा पाक आणि आईची बोटं गोल गोल गोल. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. पुन्हा गोल गोल. घरभर साखरेचा नि कोळशाचा असा काही वास भरलेला असायचा की माझ्या कॉलेजच्या स्वेटरलाही तो यायचा आणि बसमधल्या मुली विचारायच्या, "यार, तुम्हारे घर में रोज मिठाई बनती है क्या?" मी म्हणायची, बनती है, लेकिन मिलती नहीं. कारण त्यातला एक दाणा जरी उचलला तरी आई परातीतलं गरम उलथनं घेऊन मागे लागायची.

बाजारात आयते दागिने मिळत नव्हते असं नाही. कोणी ना कोणी पुण्या-मुंबईहून आणून दिलेच असते. बाबा दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात व्यवस्थापक होते, तिथे रोज कोणी साहेब उतरत असत आणि त्यांच्या बॅगेत घालून काहीही मागवता येई. पण आईनं पणच केला होता. त्याचं मूळ ग्वाल्हेरला होतं, म्हणजे ताईच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई. त्यांना सगळे माईसाहेब म्हणत. उंच, गोऱ्या, डोक्यावर पदर, आणि बोलणं असं तोलून-मापून की समोरच्याला वाटावं आपण आत्ताच काहीतरी सांडलं. ताई नि भावजी राहायचे आमच्याच सेक्टरमध्ये, चार गल्ल्या सोडून, कारण भावजींची टीव्हीच्या कारखान्यात नोकरी होती. माईसाहेबांना तेच खुपायचं. दिवाळीला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "चिऊचं बोरन्हाण इथेच करायचं. दागिने माहेरचे असतात खरे, पण राहू द्या. तुमच्या त्या नोएडात हलवा कोण करणार? तिथे आधी माणसं तरी राहायला येऊ देत."

खोटं नव्हतं म्हणा. आमच्या घराच्या एका बाजूला वर्मांचं नवंकोरं तीनमजली घर होतं आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत, त्यात कधीमधी नीलगाय येऊन उभी राहायची. पण आईच्या वर्मी लागलं. ग्वाल्हेरहून घरी आल्यावर चपला न काढताच म्हणाली, "मी करते. हातानं करते. बघतेच."

आणि केले हो! ताईची चिऊ तेव्हा सव्वा वर्षाची. तिला मुकुट, बिंदी, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, पैंजण. शिवाय तिचे भाऊ राघू नि माधू, साडेतीन वर्षांचे जुळे, त्यांच्या गळ्यात एकेक लांब हार. पांढरेशुभ्र, एकेका दाण्यावर काटे असे उभे की बोट लावायला भीती वाटावी. आईची तीन बोटं भाजून लाल झाली होती. साडीच्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस घालून तिनं ते दागिने ठेवले आणि जाहीर केलं, "ग्वाल्हेरपर्यंत हा खोका माझ्या मांडीवरून हलणार नाही."

आता प्रश्न प्रवासाचा. भावजी आधीच आगगाडीनं पुढे गेले होते. तेव्हा शहाण्या माणसांनी आगगाडीनंच जायचं असतं. पण बाबांनी नवी व्हॅन घेतली होती. गाडी दारात उभी राहायला त्याआधी लोकांची निम्मी नोकरी संपायची. आता एकदम कोणीही हप्त्यावर घेऊ लागलं होतं आणि बाबांना पन्नाशीत ड्रायव्हिंगचा झटका आला होता. दिल्लीत आयटीओच्या चौकापर्यंत ते जात. त्यापलीकडे गाडी नेली होती फक्त एकदा, चुकून, वळता आलं नाही म्हणून. "तीन लहान पोरं घेऊन ग्वाल्हेर?" आई म्हणाली. बाबा हसले. "अगं, मी मंत्र्यांची शिष्टमंडळं हाताळतो. चाळीस-चाळीस माणसं, एकाला बिनमिठाचं, एकाला उपासाचं. तीन पोरांचं काय घेऊन बसलीस!"

आदल्या दिवशी त्यांनी गाडीत खोल्या वाटाव्यात तशा जागा वाटल्या. पुढे ते आणि खोका घेऊन आई. मधल्या सीटवर चिऊला घेऊन ताई, खिडकीशी मी, आमच्या दोघींत जुळे. मागे सामान. "कोणी आपली जागा सोडायची नाही," असं त्यांनी जुळ्यांना बजावलं. जुळे म्हणाले, "बिल्कुल नहीं, आजोबा." कालिंदी कुंजच्या पुलावर पोचेपर्यंत राघू मागच्या सामानावर चढला होता, माधू आईच्या खांद्यावरून पुढे लोंबत होता आणि चिऊनं बाबांची कानटोपी ओढून खिडकीबाहेर टाकली होती. धुक्यात कानटोपी सापडली नाही. बाबा मफलर डोक्याला गुंडाळून चालवू लागले.

गाडी लागू नये म्हणून आईचा रामबाण उपाय म्हणजे पोरांना वर्तमानपत्रावर बसवणं. का, ते विचारायचं नाही. तिच्या आईनंही तिला तसंच बसवलं होतं. बाबांचा त्या दिवशीचा पेपर अजून वाचायचा होता, म्हणून आईनं त्यांना पहिलं पान काढून दिलं आणि उरलेला जुळ्यांच्या बुडाखाली घातला. उपाय जुळ्यांना लागू पडला. चिऊ मात्र कागदावर बसायला तयार नव्हती, तिला कागद खायचा होता. फरीदाबाद संपतंय न संपतंय तोच तिनं आधी प्यायलेलं सगळं दूध माझ्या नव्या सलवारीवर परत केलं. ताई म्हणाली, "अगं, दूधच आहे." ज्यांच्या अंगावर ओकत नाहीत ते नेहमी असंच म्हणतात.

मग शू. जुळ्यांचं सगळं जुळायचं, एवढं सोडून. राघूला लागली की बाबा इंडिकेटर देत, कडेला घेत, हात दाखवत, मागच्या ट्रकच्या शिव्या खात गाडी थांबवायचे. "माधू, तुलाही लागली असेल तर करून घे रे," ताई म्हणायची. "नहीं आई." मग सगळे चढायचे, दार सरकवायचं, गाडी पुन्हा रस्त्याला लागायची आणि माधू गंभीर आवाजात म्हणायचा, "आजोबा, आता मलापण आली है." पलवलपर्यंत हा कार्यक्रम इतक्यांदा झाला की बाबांनी इंडिकेटर चालूच ठेवला. आणि मधल्या वेळात दोघं आळीपाळीनं विचारत, "ग्वालियर आ गया?" बाबा म्हणत, "मराठीत विचारा. तुमच्या माईआजीसमोर असं बोललात तर माझी धडगत नाही." तर माधू म्हणाला, "आजोबा, ग्वालियर आलं गया?" बाबांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. गाडी चालू होती, म्हणून आई किंचाळली.

माधूला आता स्वतःचा मुलगा आहे. त्याला गाडीत सिंहासनासारख्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधतात, समोर पडदा असतो, पडद्यावर डुक्कर नाचत असतं आणि आग्र्याच्या नव्या रस्त्यानं दुपारच्या जेवणाला ग्वाल्हेर येतं. "मावशी, किती स्ट्रेस असतो मुलांना घेऊन ट्रॅव्हल करायचं म्हणजे," असं परवा तो मला म्हणाला.

कोसीच्या पुढे एका ढाब्याच्या बाजेवर आम्ही दशम्या सोडल्या. बटाट्याची कोरडी भाजी, लसणीची चटणी, गूळपोळ्या. ढाब्यावर चहा घेतला म्हणून बाज वापरायला मिळाली. आई खोका मांडीवर घेऊनच जेवली. एका हातानं दशमी, दुसरा हात झाकणावर. राघूनं विचारलं, "आजी, डब्यात काय आहे?" "चिऊचे दागिने." "खायचे?" "अजिबात नाही! घालायचे." "मग त्याला चिनी का लावली?" आईनं झाकण आणखी घट्ट दाबलं. साखरेचे दागिने करायचे, तीन वर्षांच्या पोरांच्या नाकासमोर धरायचे आणि वर सांगायचं, बघा पण खाऊ नका. हे फक्त आपल्याच लोकांना सुचतं.

तरीसुद्धा खोका सुखरूप पोचला असता. आग्र्याच्या रहदारीत बाबा एका रिक्षाच्या मागे पाऊण शहर फिरले तेव्हाही तो सुखरूप होता. घात केला चंबळनं.

धौलपूरला पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसानं सहज विचारलं, "कहाँ, ग्वालियर? बच्चों के साथ? हाँ, उजाले में निकल जाओ." एवढंच. त्याच्या मनात धुकं असेल नाहीतर खड्डे. पण आईचा चेहरा पांढरा झाला. "अहो, ऐकलंत? डाकू!" बाबा म्हणाले, "अगं, ते सगळे शरण आले कधीच. आता निवडणुका लढवतात." "सगळे? एकूण एक? तुमच्या अतिथिगृहात येऊन सांगून गेलेत वाटतं!" ताईचाही धीर सुटला. मग गाडी कडेला घेऊन आमच्या घरातलं सोनं लपवण्याचा समारंभ झाला. आईच्या पाटल्या, ताईचे तोडे, माझ्या कानातली फुलं. मंगळसूत्र काढायचं नसतं, म्हणून आईनं ते स्वेटरच्या आत, त्यावर शाल, शालीवर बाबांचा मफलर असं बंदोबस्तात ठेवलं. बाबा उघड्या डोक्यानं बसले. बाकी सगळं रुमालात बांधून चिऊच्या दुधाच्या पावडरच्या डब्यात, पावडरखाली. आणि तो डबा आईनं स्वतःच्या मांडीवर घेतला, पोटाशी घट्ट धरून.

आता मांडी एकच. तेव्हा हलव्याचा खोका तिनं मागे दिला. "नंदे, हा मागे सामानावर ठेव गं नीट. त्याला कोण चोरतंय!"

मी ठेवला. नीट ठेवला, वर शालसुद्धा घातली. आणि मग बाबांनी गाडी सोडली नि दोन्ही बाजूंना त्या मातीच्या घळी सुरू झाल्या, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, बघता बघता कोणी वर येईल असं वाटणाऱ्या. आम्ही चारही मोठी माणसं श्वास रोखून बाहेर बघत होतो. डावीकडची राखण माझ्याकडे, उजवीकडची ताईकडे, समोरची आईकडे. एक गुराखी कांबळं पांघरून उभा होता तर आई म्हणाली, "वेग वाढवा!" बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. पूल आला. खाली एवढी मोठी नदी, पण कोणी धड पाहिली नाही. आई रामरक्षा म्हणत होती, मधेच श्लोक विसरत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

"पोरं किती शहाण्यासारखी बसलीत बघ," ताई हळूच म्हणाली. "भ्यायलीत बिचारी," आई म्हणाली.

पोरं गप्प आहेत म्हणजे वळून बघावं, एवढी साधी अक्कल दोन पोरांमागे तिसरं झालेल्या ताईला नव्हती आणि दोन मुली वाढवलेल्या आईला नव्हती, तर मला एकोणीस वर्षांच्या पोरीला कुठून असणार? ताईनं चिऊला कधीच मागे सामानावर सोडलं होतं, आधीच चढून बसलेल्या भावांपाशी, कारण तिला उजवीकडे नजर ठेवायची होती.

मुरैना आलं. डाकूंचा मुलूख संपला असं बाबांनी जाहीर केलं आणि विहीणबाईंसाठी गजक, म्हणजे तिथली तिळगुळाची खुसखुशीत मिठाई, घ्यायला दुकानापाशी गाडी लावली. आईनं सुटकेचा निःश्वास टाकला, खाली उतरली, मागचं दार उघडलं. आणि तशीच उभी राहिली.

माधूच्या तोंडातून एक दोरा लोंबत होता. राघूनं मुकुटाचा पुठ्ठा डोक्यावर घातला होता. पुठ्ठाच, वर एक दाणा नाही. चिऊ मधोमध मांडी घालून, दोन्ही मुठींत कंबरपट्टा धरून कणीस खावं तसा चोखत होती. चारी बाजूंना कापूस. राघूनं आईकडे बघून अतिशय समाधानानं सांगितलं, "आजी, बहुत मस्त होतं."

मला वाटलं आता दोघांच्या पाठीत धपाटे बसणार. पण आई दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली, दुधाचा डबा अजून छातीशी धरलेला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "आता मी त्या बाईला तोंड कसं दाखवू गं?" ती ताईला म्हणाली. "पाच वाजता बायका बोलावल्यात त्यांनी. त्या म्हणतील, केलेच नव्हते. म्हणतील, थापा मारते. सबंध ग्वाल्हेरसमोर म्हणतील." ताईही रडायला लागली, कारण तिला तर त्या घरात जन्म काढायचा होता. आपली आई रडते म्हटल्यावर चिऊनं सूर लावला. मला इतका राग आला होता, माईसाहेबांचा, जुळ्यांचा, चंबळचा, की मी गजकवाल्यालाच म्हणाले, "क्या देख रहे हो भैया?" तो बिचारा सगळ्यांसाठी पाणी घेऊन आला.

आणि मग माझे बाबा, ज्यांना घरात कोणी काही विचारत नसे, ते मफलर नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "हे बघ, साहेब येऊन बसले आणि मासळी आलीच नाही, तर आपण काय करतो? मेन्यू बदलतो. बोरन्हाणाचं बाकी सामान आहे ना? काढा बाहेर."

सामान होतं. बोरं, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, सगळं आईनंच बांधून आणलेलं. आणि सुईदोऱ्याशिवाय ती देवळातसुद्धा जात नसे. मग त्या बाकावर आमचा कारखाना सुरू झाला. चुरमुऱ्यांच्या बांगड्या, शेंगांचा हार, मधे लोलक म्हणून उसाचा करवा. बोर ओवताना सुई बीला अडायची आणि ताईच्या बोटात जायची, तेव्हा बोरांची नुसती बिंदी केली. गजकवाल्यानं हौसेनं सुचवलं, बाजूबंद गजकचे करा; ते दंडाला बांधेपर्यंत भुगा झाले, त्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत. बाबा जुळ्यांवर पहारा करत होते. "हातांची घडी! तोंड बंद!" तरी एक पैंजण करता करता दोनदा कमी पडलं, तेव्हा बाबांचंच तोंड तपासावं लागलं. आईला शेवटी हसू आलं, पण रडणं थांबलेलं नव्हतं, दोन्ही एकदमच चाललं होतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माईसाहेबांच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा ओसरीवर बायकांच्या चपलांचा ढीग होता. माईसाहेब भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या. काळ्या झबल्यातली चिऊ शेंगांचा हार घालून ताईच्या कडेवर, बिंदीतलं एक बोर आधीच गायब. माईसाहेबांनी ओवाळलं, तुकडा टाकला आणि नातीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मागे दारात बायका माना उंचावून बघत होत्या.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

आईनं वाटेत जुळवलेलं एक वाक्य होतं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे वगैरे. ते तिच्या तोंडून काही केल्या निघेना. तेवढ्यात माधू पुढे झाला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "माईआजी, असली वाले आम्ही खाऊन टाकले. राघूनं जास्त. चिऊनेपण." आणि स्वेटरच्या खिशात हात खुपसून त्यानं एक दाणा काढला. लोकरीचा धागा चिकटलेला, थोडा चोखलेला. "हा तुझ्यासाठी ठेवला."

मी डोळे मिटून घेतले. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

माईसाहेबांनी तो दाणा दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला, चष्मा वर करून पाहिला. लोकर काढली. आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकला. आम्ही त्यांच्या गालाकडे बघत उभे. त्यांना घाई म्हणून नव्हती कधी कशाची. शेवटी म्हणाल्या, "कोळशावर केलात?"

"हो," आई म्हणाली.

"हात बघू."

आईनं हात पुढे केला. माईसाहेबांनी त्या भाजलेल्या तीन बोटांवरून अंगठा फिरवला आणि आवाज खाली आणून, पण आम्हाला ऐकू येईल इतपत, म्हणाल्या, "काटा काय सुरेख आलाय हो विहीणबाई! मी सत्तावीस संक्रांती केला, माझ्या हलव्याला एकदासुद्धा असा आला नाही. मेल्यांनी सगळा खाल्ला? निदान मूठभर तरी ठेवायचा." आणि मग नेहमीच्या आवाजात, "चला, बायका खोळंबल्यात."

बोरन्हाण झालं. चिऊच्या डोक्यावर चुरमुरे नि बोरं पडली आणि ती वेचायला आळीतली पोरं तुटून पडली. त्यांना जमिनीवरचं कुठलं नि अंगावरचं कुठलं कळेना, त्यांनी चिऊच्या बांगड्याही वेचून खाल्ल्या. चिऊनं एकाचा कान चावला. छान झालं सगळं.

परतताना तीनही पोरं नोएडापर्यंत मेल्यासारखी झोपली, एकदाही शू नाही. झोपू दिलं नाही ते आम्हाला. मुरैन्याला आई म्हणाली, "गं, नक्की काय म्हणाल्या त्या? मला तेव्हा धड ऐकू आलं नाही." ताईनं सांगितलं. आग्र्याला म्हणाली, "सुरेख म्हणाल्या, का छान म्हणाल्या?" मी म्हटलं, सुरेख. मथुरेच्या पुढे बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, मी गाडी लावत होतो, मला काय माहीत. त्यावर ती त्यांच्याशी पलवलपर्यंत बोलली नाही. आणि पलवल गेल्यावर, धुकं उतरू लागल्यावर, पुढे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं करून म्हणाली, "नंदे, त्यांच्यासारखं करून दाखव ना गं एकदा. त्यांच्या आवाजात."

मी डोक्यावर पदरासारखी ओढणी घेतली आणि करून दाखवलं.

"पुन्हा," आई म्हणाली.